वरच्या फळीवरचा गेम

बारकीचं दुकान रस्त्याच्या पातळीखाली होतं. पायऱ्या उतरून आत यावं लागे, आणि दुकानाच्या एकुलत्या एका खिडकीतून बाहेरच्या माणसांची नुसती पावलं दिसत. त्यामुळे गिऱ्हाईक दारात येण्याआधीच बुटांवरून बारकी त्याला निम्मं ओळखून असे. नाव बारकी असलं तरी बाई आता अंगाने चांगली भरली होती, चष्मा लागला होता, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. पण मोठ्या भावाने लहानपणी ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की काही केल्या सुटत नाही. जुने-नवे व्हिडिओ गेम ती विकायची, बदलून द्यायची, बिघडलेले कंट्रोलर उघडून दुरुस्त करायची. लोक मात्र मुख्यतः तिचं ऐकायला यायचे, की आता पुढचा कुठला खेळू.

"एखादा चांगला गेम द्या" असं कोणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "चांगला म्हणजे? राज्य चालवायचंय, का दुसरंच कोणीतरी होऊन रानोमाळ हिंडायचंय? आणि मागचा कुठला अर्धा सोडलास, ते आधी सांग." हा शेवटचा प्रश्न तिचा खास होता. माणूस काय पुरं करतो त्यापेक्षा काय अर्धं टाकतो त्यावरून तो जास्त कळतो, असं तिचं मत होतं, आणि तिची मतं पुष्कळ होती. शाळेची बस चालवणारी एक बाई तिच्याकडे नेहमी यायची. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून तिचे कान किटलेले असत. तिला बारकीने 'मिठाचं राज्य' दिला होता: समुद्रकाठी मिठागरं घालायची, गाड्यांचे रस्ते आखायचे, शेजारच्या राजाशी गोड बोलून त्याला हळूहळू गिळायचं. एकही माणूस आरडाओरडा करत नाही. बसवाली महिनाभराने परत आली ती झोप झाल्यासारखी ताजीतवानी दिसत होती.

बारकीचे नियम दोन. पहिला, पुढे काय होतं ते गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही; गेमची शिफारस करायची, त्याचं पोट फाडून दाखवायचं नाही. दुसरा, उत्तमातला उत्तम गेम आधी कधी द्यायचा नाही. "एकदम शिखरावर नेऊन ठेवलं तर माणूस पुढे जाणार कुठे? खालीच ना?" असं ती म्हणायची. म्हणून ती गिऱ्हाइकांना पायरी-पायरीने चढवत न्यायची. काउंटरमागच्या सगळ्यात वरच्या फळीवर काही मोजके गेम होते. ते विकायला नव्हते, निदान लगेच तरी नव्हते. त्यांतही एक गेम कोपऱ्यात, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. तो दादासाठी.

दादाची बेकरी दोन गल्ल्या पलीकडे होती. उजाडायच्या आत भट्टी पेटवायची, सकाळभर पाव विकायचे आणि दुपारी दुसऱ्या खेपेचं पीठ फुगत ठेवलं की मागच्या खोलीत बसून गेम खेळायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पीठ वर आलं की गेम तिथल्या तिथे बंद, मग राजकन्या संकटात असो की राजा. त्याला आवडायचे ते भूमिका घेऊन खेळायचे गेम. चार-पाच सोबती गोळा करायचे, गावोगाव फिरायचं, प्रत्येक झोपडीत डोकावून म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत बसायचं. बारकीला डावपेचाचे आवडायचे. पट बघायचा, दहा चाली पुढचं मनात मांडायचं, आणि हाताशी असलेली चांगली चीज शेवटच्या लढाईपर्यंत राखून ठेवायची. प्रत्येक गेम संपताना तिच्या पोतडीत न वापरलेल्या औषधांच्या कुप्या खच्चून भरलेल्या असत. दादाच्या पोतडीत कधी काही नसे. मिळाली कुपी की पाज कुणाला तरी, असा त्याचा खाक्या. एकदा तर त्याने मेलेला राजा उठवण्याइतकं जालीम औषध एका लंगड्या खेचराला पाजलं होतं.

"उधळ्या आहेस," बारकी म्हणायची. "पुढे राक्षस उभा राहील तेव्हा काय करशील? त्याला टोस्ट देशील?"

"अगं, बेकरीवाला आहे मी," दादा म्हणायचा. "आजचा पाव उद्या कोणी घेत नाही. ठेवून काय करू?" आणि भट्टीतून काढलेला पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात द्यायचा. "गरम आहे तोवर खा."

त्याच्या कंट्रोलरच्या खाचांमध्ये कायम पीठ बसलेलं असे. बारकी तो दुकानात नेऊन उघडायची, बारीक ब्रशने साफ करायची, शिव्या घालायची आणि परत द्यायची. आठवड्याभरात खाचा पुन्हा पांढऱ्या व्हायच्या.

वरच्या फळीवरच्या त्या गेमचं नाव 'सातवी छावणी'. एक हरलेलं सैन्य घरी परतत असतं, वाटेत सात मुक्काम, बस. पण बारकीने आयुष्यात खेळलेल्या सगळ्या गेमांत त्याच्या नखाची सर दुसऱ्या कुठल्याला नव्हती. त्यात डावपेच होते तिच्यासारखे आणि माणसं होती दादासारखी. आई गेली त्या वर्षी तिने तो खेळला होता, मग पुन्हा पुन्हा खेळला होता. दर मुक्कामी काळोखात पडून राहिलेली, एकमेकांशी चकार शब्द न बोलणारी ती माणसं बघून ती ढसाढसा रडली होती. इतका एकटा गेम जगात दुसरा नाही, असं ती म्हणायची. दादाला तिने त्याचं नाव सांगितलं होतं आणि वर म्हटलं होतं, "आत्ता नाही. तू बेकरीतून मोकळा झालास की देईन. पीठ फुगायच्या वेळात खेळायचा गेम नाही तो."

"म्हणजे मी म्हातारा झाल्यावर."

"म्हातारा आहेसच. निवांत झाल्यावर."

दादा दर वर्षी वाढदिवसाला विचारायचा, "आणलास का गं छावणी?" ती दर वर्षी दुसराच कुठला तरी द्यायची. ते भांडण दोघांनाही मनापासून आवडायचं.

मग एके सकाळी दादाच्या हातातून पावांचा ट्रे सुटला. वहिनी आधी हसली, कारण दादा कधी काही पाडत नसे. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुटला, तेव्हा कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सुया टोचल्या, आणि शेवटी वहिनीला आणि बारकीला बाजूला घेऊन सांगितलं की हा स्नायूंचा आजार आहे, हातांपासून सुरू झालाय, श्वासापर्यंत जाईल. औषधाने वेग थोडा कमी होईल, इतकंच. परतताना वहिनी रस्ताभर एकच गोष्ट बोलत राहिली, की पिठाची पोती आता कोण उचलणार. बारकीच्या डोळ्यांपुढे वरची फळी आली, आणि तिने ती झटकून टाकली.

बेकरीची भट्टी दादाच्या लेकीने, म्हणजे बारकीच्या भाचीने, आणि जावयाने सांभाळायला घेतली. दादा मागच्या खोलीत बसू लागला. आता तो खरंच निवांत होता. पहिल्याच रविवारी त्याने विचारलं, "बारके, आता तरी दे की छावणी."

"आधी जरा बरा हो. मग देते."

दादाने तिच्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांनी त्याच्यापासून काहीही लपवलेलं नव्हतं. पण तो "बरं" म्हणाला.

बारकीने त्याला मग गेमांनी नुसतं बुडवून टाकलं. 'धुक्यातले सरदार' आणला, जिथे प्रत्येक सरदाराच्या मनात काय चाललंय ते ओळखून तह करायचे असतात. 'घंटेकऱ्याची मुलगी' आणला, ज्यात एक पोरगी घंटा बनवायला तांबं शोधत देशभर फिरते. कंट्रोलरची बटणं तिने मऊ करून दिली, मोठी करून दिली, शेवटी टेबलावर पसरून मनगटाने दाबता येतील अशी करून दिली. हे सगळं ती झपाट्याने करत होती, आणि गुंडाळलेला गेम फळीवर तसाच होता. तो दिला की कबूल केल्यासारखं होईल, इतकं तिला समजत होतं. तो फळीवर आहे तोवर दादाचं काहीतरी बाकी आहे, आणि ज्याचं काही बाकी आहे असं माणूस जात नाही, अशी एक खुळी समजूत तिने मनात धरली होती. चांगली शहाणीसुरती बाई, पण जिव्हाळ्याच्या माणसापुढे अक्कल गहाण पडते.

शेवटी वहिनीनेच तोंड उघडलं. बारकी नवीन गेम घेऊन आली तशी वहिनीने तिला भट्टीच्या दाराशीच अडवलं.

"हा तो नव्हे ना?"

"नाही. पण हाही चांगलाय."

"रात्री झोपेत त्याचा श्वास अडकतो," वहिनी म्हणाली. "मी उठून बसवते त्याला. त्याला तुझा चांगला नकोय गं. तो काय फार मागतो का कधी? एकच गोष्ट मागतोय. तू कुणासाठी ठेवलायस तो?"

बारकी तशीच माघारी फिरली, दुकान उघडलं, स्टुलावर चढली आणि कापड सोडलं. कापडाला धूळ होती, डब्याला नव्हती.

तिने डबा दादाच्या मांडीवर ठेवला आणि त्याने कितीतरी वेळ वरचं चित्र बघितलं. त्याचे हात आता नुसते मांडीवर पडून राहायचे. मनगटंही उचलली जात नव्हती. "तूच दाब," तो म्हणाला. "मी सांगतो. पण माझं ऐकायचं हां. डावपेच लढवायचे नाहीत."

तिने त्याचाच जुना कंट्रोलर हातात घेतला. दुपार होती. भट्टीच्या बाजूला भाची ट्रे आपटत होती आणि पिठाचा आंबूस वास खोलीत आला होता. गेम सुरू झाला. दादा वाक्य दोन तुकड्यांत बोलायचा, मध्ये श्वास घ्यायचा. प्रत्येक शिपायाशी बोलायला लावायचा, प्रत्येक तंबूत डोकवायला लावायचा. बारकी एकटी असती तर ही छावणी तिने पाव तासात उरकली असती.

मग पहिल्या छावणीवर छापा पडला. छाप्यात सैन्याचा आचारी जखमी होऊन पडतो. हे तिला ठाऊक होतं. तो दोन चालींत मरतो, हेही ठाऊक होतं, कारण दर वेळी तो मेला होता. सुरुवातीला मिळालेली एकुलती एक संजीवनी पोतडीत असते, पण ती आचाऱ्यावर कोण घालवणार? अख्ख्या गेममध्ये तशी दुसरी मिळत नाही. शेवटच्या लढाईत सेनापती पडला की तीच कामी येते. तिला माहीत असलेल्या प्रत्येक खेळाडूने, तिने स्वतःही, आचाऱ्याला तसाच सोडला होता.

"पाज त्याला," दादा म्हणाला.

नियम आडवा आला. पुढचं सांगायचं नाही. ती एवढंच म्हणाली, "दादा, ही एकच आहे."

"मग?"

"तो नुसता आचारी आहे. लढत पण नाही."

दादाला हसू आलं आणि त्याचा ठसका झाला. तिने त्याला पुढे वाकवून धरलं. दम परत आल्यावर तो म्हणाला, "सैन्य पोटावर चालतं गं, बारके. पाज." मग जरा थांबून, "आणि तो... माझ्या धंद्यातला आहे."

तिने पाजली. पाजताना तिचं मन अजून शेवटच्या लढाईचा हिशेब मांडत होतं, इतकी हाडाची सवय. पडद्यावरचा आचारी हलला, कोपरावर उठला, पालथी पडलेली कढई त्याने चाचपून सरळ केली. हे बारकीने कधीच पाहिलेलं नव्हतं. ती चमकून पुढे सरकली. छापा संपला आणि पडद्यावर अक्षरं आली: पहिला मुक्काम. पुढे चला.

"चल," दादा म्हणाला. "बघू काय करतो तो."

त्याचे ओठ निळसर पडले होते. मान खांद्यावर कलली होती. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"दमलास तू," बारकी म्हणाली. "उद्या बघू. मी दुकान उघडतच नाही उद्या, सकाळपासून बसू."

"आत्ता दाब की... एकदा."

"मुक्काम मोठा असतो दादा. घाईने बघायचा नाही तो. उद्या. राहू दे ना काहीतरी उद्याला."

दादाने डोळे मिटून घेतले. "तुझं आपलं... उद्या," तो म्हणाला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तिने गेम सेव्ह केला, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि निघाली. जाताना कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. दिला एकदाचा. आणि अख्खा गेम पुढे पडला होता.

पहाटे वहिनी त्याला बसवायला उठली तेव्हा तो गेलेला होता. पलीकडे भाचीने भट्टी नुकतीच पेटवली होती. ती विझवायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून त्या दिवशी रिकामी भट्टी दुपारपर्यंत जळत राहिली.

पुढचे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गेले. सगळं पार पडल्यावर वहिनीने दादाचं मशीन, गेम आणि कंट्रोलर एका पिशवीत घालून बारकीकडे दिलं. "माझ्याने बघवत नाही तिथे ते," ती म्हणाली. तिने एका अक्षरानेही दोष दिला नाही. दिला असता तर बारकीला जरा बरं वाटलं असतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बारकीने दुकानातल्या टीव्हीला मशीन जोडलं. सेव्ह केलेली जागा तशीच होती. पहिला मुक्काम. पुढे चला. तिने बटण दाबलं.

काळोख झाला, तिच्या ओळखीचा. मग एक ठिणगी पडली. आचारी गुडघ्यावर बसून जाळ फुंकत होता. शेकोटी पेटली आणि तिच्या उजेडात एकेक तंबू दिसू लागला. तंबूंतून माणसं बाहेर आली, तीच माणसं, जी बारकीच्या गेममध्ये सात मुक्काम काळोखात मुकी पडून राहायची. ती जाळाभोवती बसली आणि बोलायला लागली. ज्या भालेकऱ्याला ती दर वेळी पहिल्या फळीत मरायला पाठवायची, त्याने आपल्या मुलीचं बोबडं बोलणं करून दाखवलं. सेनापती कढईत डोकावला आणि आचाऱ्याने त्याच्या हातावर पळी मारली. सगळे हसले. मग आचारी वाढत सुटला, आणि प्रत्येकाला तेच म्हणत होता, "गरम आहे तोवर खा."

बारकीच्या हातातून कंट्रोलर सुटला.

तिने हा गेम किती वेळा संपवला होता. त्याच्यासारखा एकटा गेम नाही, म्हणून किती जणांना सांगितलं होतं. तो एकटा नव्हताच. तिनेच दर वेळी शेकोटी मरू दिली होती, एक कुपी राखण्यासाठी, आणि तीही शेवटी पोतडीत उरायची, कारण ती हरायची नाही. सगळ्यात उत्तम गेम म्हणून तिने दादासाठी जो इतकी वर्षं राखला तो तिने स्वतःच पाहिलेला नव्हता. दादाला पहिल्या दुपारी तो सापडला होता. त्याला एक बटण दाबून हवं होतं, फक्त एक, आणि ते तिच्या अंगठ्याखाली होतं.

ती काउंटरवर डोकं टेकवून रडली. वर रस्त्यावरून पावलं जात राहिली. शेकोटीचा आवाज दुकानात तडतडत होता आणि शिपाई बोलतच होते, त्यांचं बोलणं संपत नव्हतं. हे सगळं ज्याला सांगावं असा जगात एकच माणूस होता. नंतर तिने कंट्रोलर उचलला. सवयीने ब्रश हातात घेतला, खाचांतलं पीठ बघितलं, आणि ब्रश परत डब्यात टाकला.

काही आठवड्यांनी खिडकीत चिखलाचे ओळखीचे बूट दिसले. बसवाली आत आली, दुखवट्याचे दोन शब्द बोलली, आणि जायला वळता वळता संकोचून म्हणाली, "मिठाचं राज्य कधीच संपलं. आता पुढची पायरी कुठली, ताई? घाई नाही हं. तुम्हाला जमेल तेव्हा."

बारकीने मागचा कुठला अर्धा सोडला ते विचारलं नाही. ती स्टुलावर चढली, वरच्या फळीवरून 'सातवी छावणी' काढला आणि काउंटरवर ठेवला. दादाचाच डबा होता.

बसवालीने ओळखला. दुकानात येणाऱ्या सगळ्यांना ती फळी ठाऊक होती. "हा? पण हा तर एकदम शेवटचा ना? मी अजून कुठे तिथवर..."

"ने," बारकी म्हणाली. "आणि ऐक. पहिल्याच छावणीत आचारी जखमी होऊन पडेल. तुझ्याकडे एकच संजीवनी असेल. ती त्याला पाज."

बसवाली बघतच राहिली. ताईंनी कधी कुणाला पुढचं सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. "मग शेवटच्या लढाईला काय उरेल?"

"काही नाही उरणार. हरशील कदाचित," बारकी म्हणाली. "हरलीस तरी चालेल. पण मुक्काम आला की थांबू नकोस, डोळ्यांवर झोप आली तरी एक बटण दाब. आणि शेकोटी पेटली ना, की मला फोन कर. कितीही वाजू देत. उद्या सांगते म्हणू नकोस."